तुडीलच्या खळ्यावरचं विमान

महाड-पोलादपूरला मुद्दाम कोणी जात नाही. रायगडावर जाणारे महाडला चहा पिऊन पाचाडची गाडी धरतात, महाबळेश्वरला जाणारे पोलादपूरला लिंबाची फोड दाताखाली धरून घाटाला तयार होतात, आणि गावी निघालेले चाकरमानी तर दोन्ही गावं झोपेतच पार करतात. मी मात्र गेल्या मे महिन्यात तिकडेच जायचं म्हणून गेले आणि चांगली आठवडाभर राहिले. कामच असं होतं की आमच्या चाळीत सांगितलं तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एका विमानाची विल्हेवाट लावायला मी निघाले होते.

विमान आमच्या कंपनीचं. कंपनीचं नाव ‘टिटवी हवाई सेवा’. ते तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही, आम्ही दोनच हंगाम उडलो. आणीबाणी उठली, नवं सरकार आलं, तेव्हा ज्याला त्याला काहीतरी नवं करावंसं वाटत होतं. आमच्या अप्पांना विमानं उडवावीशी वाटली. अप्पांचा मूळ धंदा कौलांचा. टिटवी हे नाव अशुभ, ती ओरडली की घरात काहीतरी वाईट घडतं, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण "जमिनीवर राहून आभाळात जाणारा पक्षी आहे तो," असं म्हणून त्यांनी पाटी रंगवूनसुद्धा टाकली. आठ-नऊ माणसं बसतील अशी दोन छोटी विमानं, मुंबई ते रत्नागिरी. कायद्याने आम्हाला वेळापत्रक ठेवायची परवानगी नव्हती, त्यामुळे आमची विमानं ‘साधारण सकाळी’ सुटत. तिकीट खिडकीवर मी. प्रत्येक उतारूचं वजन करून मगच त्याला आत सोडावं लागे. त्यासाठी अप्पांनी वखारीतला काटा आणून ठेवला होता. भल्याभल्या बायकांनी माझ्या कानाशी येऊन "आकडा मोठ्याने वाचू नका हं," म्हणून विनवलंय.

पहिला हंगाम आम्ही गाजवला, हे मी छाती पुढे काढून सांगते. आंब्याचे व्यापारी, डॉक्टर, नवी जोडपी, सगळे रांगेत उभे. रत्नागिरीला लोक नुसतं विमान बघायला डबे घेऊन यायचे. दुसऱ्या हंगामात मात्र तेल महागलं, एसटीने रातराणीला मऊ खुर्च्या लावल्या आणि उतारू गळायला लागले. शेवटी एका सकाळी रत्नागिरीहून परतताना सावित्रीच्या खाडीवर दोन्ही इंजिनं खोकायला लागली. आमच्या कॅप्टन डिमेलोंनी विमान तुडील गावच्या कापणी झालेल्या भातशेतात उतरवलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून खिडकीवर मी माशा मारत बसले. एक विमान भाड्याचं होतं, ते मालकाकडे परत गेलं. दुसरं तुडीलच्या शेतात राहिलं आणि टिटवीने पंख मिटले.

अप्पांनी मला बोलावून सांगितलं, "एक फ्लाइंग क्लब ते विमान घ्यायला तयार आहे, पण उडत आलं तरच. पावसाआधी उडालं तर ठीक. नाहीतर महाडला भंगारवाल्याचा ट्रक उभा करून ठेवलाय. तुकडे करून त्याच्या ताब्यात दे आणि ये."

शेजारी कॅप्टन डिमेलो उभे होते. वसईचा माणूस, आधी कित्येक वर्षं शेतांवर औषध फवारायची विमानं चालवलेला. ते म्हणाले, "मी ते खाली आणलं, मीच वर नेणार. माझं विमान ट्रकवर चढायचं नाही." दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी तिकिटं फाडणारी बाई, पण कंपनीत आता दुसरं उरलंच होतं कोण!

महाड

एसटीत पायलटच्या शेजारी बसून प्रवास करण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. प्रत्येक वळणाला कॅप्टन मनातल्या मनात ब्रेक दाबत होते आणि माझ्या पायावर त्यांचा बूट पडत होता. महाडला उतरलो तेव्हा दोघांचाही जीव मेटाकुटीला आला होता. बाजारपेठेत एका लॉजवर पिशव्या टाकल्या आणि समोरच्या खाणावळीत जेवायला बसलो.

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, आणि भात सणासुदीला. इथे भाकरीसुद्धा तांदळाची! शुभ्र, मऊ, कडेला फुगलेली. तिच्याबरोबर वालाचं बिरडं आणि खाडीतला बोईट मासा तळून. मी आधी नाक मुरडलं आणि मग तीन भाकऱ्या खाल्ल्या. खाणावळीचे मालक गल्ल्यावरून माझ्याकडे निरखून बघत होते. "विमानाच्या ताई तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. आमच्या आधी आमची कीर्ती महाडात पोचली होती.

हात धुवायला बाहेर आले तर रस्त्याच्या कडेला तो ट्रक उभा. ड्रायव्हर सावलीत करवंदं खात बसला होता. त्याने उठून सलाम केला. "मी इस्माईल, दासगावचा. तुमचा विमान मीच नेनार हाय ना." इतक्या प्रेमाने सांगितलं की मला रागही येईना. कॅप्टन मात्र तोंड फिरवून आत गेले.

तुडील

दुसऱ्या दिवशी दासगाववरून खाडीच्या कडेकडेने तुडीलला गेलो. शेतात विमान शोधायला लागलं, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. दिसत होती एक भलीमोठी गवताची गंजी. जवळ गेल्यावर तिच्यातून एक पंख बाहेर आलेला दिसला. उन्हाने रंग जाईल म्हणून बौद्धवाडीतल्या लोकांनी ते पेंढ्याने आणि झावळ्यांनी नीट शाकारून ठेवलं होतं, गोठा शाकारावा तसं. खालच्या सावलीत आमचे मेकॅनिक वर्तक चटई टाकून बसले होते. दोन महिने तिथेच मुक्काम करून त्यांनी दोन्ही इंजिनं दुरुस्त केली होती.

ही शाकारणी जिने करवून घेतली ती भिकाबाई. पन्नाशीची, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. विमान उतरलं तेव्हा ती तिथेच होती. "वाल काढत होतो आमी. वरचा आवाज एकदम बंद झाला. बघतो तर हा खाली येतोय, माझ्यावरच! दोन बांध फोडले नि तिसऱ्याला नाक लावून गप उभा रायला, मारक्या बैलासारखा." मग विमानाच्या पोटाला थोपटून म्हणाली, "पर मानसा सगली चांगली उतरली हो."

विमान ज्याला नाक लावून थांबलं होतं तो बांधच सगळ्या कथेचं मूळ. भाताची शेतं म्हणजे छोटे छोटे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला बांध. उडायला विमानाला लांबच लांब सपाट पट्टी हवी. ती हवी तर कितीतरी जणांचे बांध फोडायला हवेत. आमच्या वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून सख्खे भाऊ आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढतात. त्यामुळे कॅप्टन जेव्हा म्हणाले, "गावकऱ्यांना विचारू, त्यात काय!" तेव्हा मी मनातल्या मनात विमान ट्रकवर चढवूनही टाकलं.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर गाव जमला. सर्वांत जास्त जमीन तात्यांची. साठी उलटलेले, पांढऱ्या मिशांचे, गावात शब्दाला मान असलेले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पाव्हना आपल्या दारात आला, त्याला घरी धाडायचा आपल्यालाच. फोडू बांध. पेरनीच्या आधी परत घालू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कॅप्टनचा चेहरा उजळला.

तेवढ्यात मागून भिकाबाई उभी राहिली. "माझा बांध नाय फुटायचा."

पट्टी तात्यांच्या शेतातून सुरू होऊन भिकाबाईच्या शेतात संपणार होती, आणि मधला बांध तोच. ती पुढे म्हणाली, "तो शेत पयला तात्यांच्या घरचा. आमी कुला, त्यांची जमीन कसनारी. कायद्यानं नावावर झाला तेव्हा आमचे हे होते, त्यांनी हातानं घातलाय तो बांध. तो गेला की कागूद कोन बघतो?"

तात्या लाल झाले. "मी बांध कोरनारा वाटलो काय गो तुला?"

"तसा वाटला असता तर तोंडावर बोललो नसतो. तुमी नाय कोरनार. तुमच्यामागून येतील त्यांचा काय?"

खरं सांगायचं तर मला तिचंच पटत होतं. सभा तशीच उठली. येताना अंधारात कॅप्टन एवढंच म्हणाले, "बाई बरोबर बोलते. आणि तिचं बरोबर म्हणजे माझं विमान ट्रकवर."

पोलादपूर

रिकामं बसण्यापेक्षा बरं म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही विमानाचं फाटलेलं चाक घेऊन पोलादपूरला गेलो. घाट चढणारे सगळे ट्रक तिथे थांबतात, त्यामुळे टायरवाले हुशार. गाव डोंगरांच्या कुशीत बसलेलं, चारी बाजूंनी भिंतीसारखे कडे, आणि मे महिन्यातही संध्याकाळी वारा गार. एका दुकानात चाक ठेवलं. दुकानदाराने ते गोल गोल फिरवून पाहिलं.

"कसला टायर हा? ट्रॅक्टरचा?"

"विमानाचा," कॅप्टन म्हणाले.

त्याने चाक खाली ठेवलं. "साहेब, वर गेल्यावर टायर कशाला लागतो?"

दोन दिवसांत कॅप्टन पहिल्यांदा हसले. असे हसले की शेजारच्या दुकानातले लोक बघायला आले. दुकानदाराने मग सगळी कामं बाजूला सारून ते चाक केलं, आतून-बाहेरून ठिगळ लावून इतकं देखणं की वर्तकांना नंतर ठिगळ शोधावं लागलं. तोवर आम्ही फणसाचे गरे खाल्ले आणि आंबेनळी घाटाकडे जाणारा रस्ता बघत बसलो. कॅप्टन म्हणाले, "या डोंगरांवरून मी रोज जायचो. वरून हे गाव दिसायचंसुद्धा नाही हो." मला त्यांची फार दया आली. विमान तुकडे होऊन गेलं असतं तर हा माणूस पुन्हा कधी असा हसला नसता.

परत आलो तर शाळेच्या ओसरीवर भिकाबाई वाट बघत होती, आणि तिच्यासमोर तात्या.

"माझी एक अट हाय," ती म्हणाली. "बांध तात्यांनी फोडायचा, आनि विमान गेला की तात्यांनीच घालायचा. सोत्ता. गडी लावून नाय. सगल्या गावानं बघायचा. मग उद्या कोनाच्या पोरानं काय बोलला, तर गावच सांगेल."

तात्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या शेतात कुदळ मारली नसणार. त्यांनी मिशीवरून एकदा हात फिरवला. मग ते उठले आणि नुसतं म्हणाले, "कुदल आना." शेतावर जाऊन बांधाच्या दोन्ही टोकांना खूण म्हणून निरगुडीच्या काठ्या रोवल्या आणि तात्यांनी धोतर खोचून पहिला घाव घातला. सगळा गाव बघत होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

खळं

बांध गेले तरी जमीन कुठे धावपट्टी होते? सगळीकडे धसकटं आणि ढेकळं. कॅप्टन म्हणाले रोलर हवा. तो तुडीलला कुठून येणार? तेव्हा बायका आपसात काहीतरी बोलल्या आणि भिकाबाई मला म्हणाली, "ताय, तुमाला कठीन सपाट जमीनच पायजे ना? मग खला करू."

भात मळायला जे खळं करतात तेच, फक्त लांबच लांब. जमीन खणून ओली करायची, लाकडी चोपण्यांनी बडवायची, वर शेणाने सारवायची, की उन्हात ती दगडासारखी होते. पाणी मात्र भरपूर लागतं. खाडीचं पाणी खारं, त्याने शेत नासेल, आणि मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या. मग पाणी कोणी आणलं असेल? इस्माईलने! भंगारासाठी उभ्या असलेल्या ट्रकवर त्याने पिंपं चढवली आणि महाडच्या वरून, जिथे सावित्री गोडी आहे तिथून, खेपा सुरू केल्या. "भंगार न्यायला आलास ना रे?" मी विचारलं. तर म्हणाला, "बसून बसून कंटाला आला, ताय. आनि हा उडताना बघायचा हाय मला."

बौद्धवाडी, मराठेवाडी, सगळ्या वाड्यांची माणसं राबली. चोपण्यांचा धपधप आवाज दिवसभर चालायचा आणि बायका त्या ठेक्यावर गायच्या. वर्तकांनी शेण कालवलं, कॅप्टननी चोपणं मारून हाताला फोड आणले, आणि मीही सारवलं. अकोल्याचं अंगण आठवलं. शेवटच्या संध्याकाळी पेंढा उतरवून विमान टोकाला नेलं. समोर ती हिरवट-तपकिरी पट्टी खाडीपर्यंत गुळगुळीत पसरली होती. कॅप्टन तिच्यावरून अनवाणी चालत गेले आणि चालत परत आले. म्हणाले, "मुंबईला अशी नाही."

सकाळी उजाडताच शेतावर गेलो आणि कॅप्टननी डोक्याला हात लावला. धावपट्टीच्या बरोबर मधोमध एक जाडजूड खांब उभा! वर आंब्याचा टहाळा बांधलेला, बुंध्याशी हळदकुंकू आणि फोडलेला नारळ. बाजूला तात्या न्हाऊन-धुऊन, कपाळाला गंध लावून उभे.

"हे काय?" कॅप्टन ओरडले.

"मेढ," तात्या शांतपणे म्हणाले. खळ्याच्या मधोमध मेढ रोवतात, तिला बैल बांधून मळणी करतात. "खला केला की मेढ पायजेच. बिनमेढीचा खला कोन ठेवतो?"

"अहो, विमान जायचंय इथून!"

तात्यांनी खांबाकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. कौतुकापोटी केलेलं, पहाटे एकट्याने खड्डा खणून. पण लगेच उपटायलाही कोणी तयार होईना. दाणा न लागता मेढ काढली तर वर्षभर खळं उपाशी राहतं म्हणे. ऊन चढत होतं. खाडीवरचा वारा फिरण्याआधी निघायला हवं, असं कॅप्टन तिसऱ्यांदा सांगत होते. ते आता संतापतील असं मला वाटलं, पण पोलादपूरनंतर हा माणूस बदलला होता. ते म्हणाले, "मग लावा दाणा! बैल आणा!"

तात्यांच्या बायकोने धावत जाऊन दसऱ्याला दाराला बांधलेल्या भाताच्या लोंब्या सोडून आणल्या. त्या मेढीशी पसरल्या. एक बैल आला, तो दोन फेऱ्या फिरला, आणि त्याच्यामागे गणवेश घातलेला पायलट "हो... हो..." करत फिरला. लोक हसून हसून खाली बसले. बैलाने धावपट्टीवर शेण टाकलं, तेही बायकांनी लगोलग सारवून घेतलं. मग तात्यांनी मेढीला हात जोडून ती स्वतः उपटली, खड्डा भरला आणि चोपून काढला.

कॅप्टन आत बसले. वजन नको म्हणून विमानातल्या खुर्च्यासुद्धा काढल्या होत्या. मी खिडकीशी गेले तर म्हणाले, "पोचलो की खाणावळीच्या फोनवर सांगतो." एवढंच. इंजिनं सुरू झाली, पेंढा उडाला, म्हाताऱ्यांनी टोप्या धरल्या. विमान हललं, धावलं, तात्यांचं शेत संपत आलं तरी जमिनीवरच. मी ओरडायला लागले, काय ओरडत होते ते मलाही कळत नव्हतं. आणि मग खाडीच्या थोडं अलीकडे ते उचललं गेलं! पाण्यावरून गेलं, वळलं, परत येऊन बौद्धवाडीच्या कौलांवरून पंख हलवत गेलं. काय तो गलका! इस्माईल ट्रकच्या टपावर चढून नाचत होता, वर्तकांनी मला चक्क मिठी मारली. टिटवी हवाई सेवेचं शेवटचं उड्डाण पहिल्यापेक्षा मोठं झालं.

लोक चाकांच्या खुणा बघायला धावले. सारवणावर त्या सरळ उमटल्या होत्या आणि एका जागी एकदम संपल्या होत्या. तात्या तिथे गेले, निरगुडीच्या काठ्यांकडे एक डोळा मिटून पाहिलं, आणि कुदळ-घमेलं घेऊन आले. सगळे महाडला फोनची वाट बघायला निघायच्या घाईत, पण हा माणूस बांध घालायला लागला. अटीप्रमाणे कोणी हात लावला नाही. भर उन्हात एकट्याने माती ओढली, काठीपासून काठीपर्यंत. मध्येच भिकाबाईने तांब्या पुढे केला. तात्या तो घेऊन घटाघट पाणी प्यायले आणि पुन्हा वाकले. बांध पुरा झाल्यावर तिने त्यावरून एकदा चालून पाहिलं आणि मान हलवली.

मग आम्ही सगळे इस्माईलच्या ट्रकमध्ये उभे राहून महाडला गेलो. खालूबाजावाले ढोल-सनया वाजवत आपण होऊन चढले होते, दासगावात लोक रस्त्यावर आले. बाजारपेठेत शिरलो तेव्हा खाणावळीचे मालक दारातच हात हलवत होते. "फोन आला! पोचले! आत्ताच आला!" वाजंत्री पुन्हा सुरू झाली. मालकांनी सगळ्यांना सरबत दिलं आणि तात्यांना आदराने खुर्ची पुढे करून विचारलं, "तात्या, तुमच्या शेतातून उडालं म्हणे विमान?"

तात्या खुर्चीवर बसले नाहीत. सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या शेतात नुसता पलाला. उडाला तो भिकाबाईच्या शेतातून."